पार्सलला कसली सर्व्हिस?

नोकरी सोडल्यापासून लग्नात, हळदीकुंकवात, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा मला एकच प्रश्न विचारतात. "वहिनी, तुम्ही इतकी वर्षं हॉटेलात होतात. खरं सांगा, पार्सल घेताना टीप द्यायची असते का?" विचारताना माणसाचा आवाज खाली येतो. कुणी डॉक्टरला स्वतःच्या पोटाचं विचारावं, तसा. टेबलावर बसून खाल्लं तर काय करायचं ते सगळ्यांना कळतं. बडीशेपेच्या ताटलीत नोट ठेवायची आणि उठायचं. पण उभ्या उभ्या पिशवी घेऊन निघताना हात खिशाकडे न्यायचा की दाराकडे, हे भल्याभल्यांना कळत नाही.

मलाही कळत नव्हतं. एकोणीस वर्षं पार्सल काउंटरवर बसून कळत नव्हतं. आणि हाच प्रश्न एकदा मला असा चिकटला की त्यापायी माझी खुर्ची गेली. ती हकीकत सांगते.

आमचं हॉटेल गंगापूर रोडला, मिसळीचं. सकाळी साडेसहाला सुरू, दुपारी तीनला बंद. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी तिथं लागले. यजमान सातपूरला कंपनीत शिफ्टमध्ये होते, त्यामुळे सकाळची नोकरी मला सोयीची होती. शेठ गल्ल्यावर बसायचे, मी दाराच्या डाव्या हाताला पार्सलच्या खिडकीत. ऑर्डर घ्यायची, बिल करायचं, मागच्या पॅकिंग टेबलाला ओरडून सांगायचं, आणि पिशवी आली की तपासून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

बाहेरच्याला वाटतं, पार्सल म्हणजे काय, भरलं आणि दिलं. मिसळ तशी भरता येत नाही. टेबलावर जी एका ताटात येते, तिचे पार्सलमध्ये सात तुकडे होतात. मटकी वेगळी, काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळा, तर्री वेगळी, शेव-फरसाण वेगळं, कांदा-लिंबू वेगळं, दही वेगळं आणि पाव. शिवाय पापड, तो तर सगळ्यांच्या वर, स्वतंत्र कागदात. यातलं एक विसरलं तर घरी सहा माणसं ताटं घेऊन बसलेली असतात आणि फोन मला येतो. "तर्री नाहीये हो!" तर्री नाही म्हणजे मिसळ नाहीच. ती मटकीची उसळ झाली.

गिऱ्हाईक बघून अंदाज बांधणं हा माझा हातखंडा होता. चार मिसळी सांगणाऱ्याच्या पायात घरातल्या चपला असल्या की पाव जास्तीचे लागणार, कारण पाहुणे अचानक आलेले असतात. सातपूरच्या कंपन्यांतून एकदम साठ मिसळींची ऑर्डर यायची. तिथं कांदा दुप्पट टाकायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार होते. छाटणीच्या दिवसांत मजुरांसाठी चाळीस मिसळी न्यायचे. टीप म्हणून एक रुपया कधी दिला नाही. पण फेब्रुवारीत जीप थांबवून द्राक्षांचं एक क्रेट उतरवायचे आणि म्हणायचे, "पोरांना वाटा." क्रेट दारात उतरायचं म्हणून आधी वेटर यायचे, मग भटारी. मागच्या टेबलावरच्या कमलताईपर्यंत पोचेपर्यंत तळाशी सुटे मणी राहायचे. हे मी दर वर्षी बघत होते. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नव्हतं. द्राक्षं होती, संपली.

कमलताई पॅकिंगची मुख्य. मूळची सिन्नरकडची, राहायला सातपूरच्या कॉलनीत. माझ्या खिडकीपासून तिचं टेबल नऊ-दहा फुटांवर होतं, मध्ये एक झरोका. तिची गाठ कधी सुटली नाही. पाऊचमध्ये कढत रस्सा ओतायची, हवा काढायची आणि तोंड पिळून अशी गाठ मारायची की मोटारसायकलच्या हँडलला लटकून पिशवी त्र्यंबकपर्यंत गेली तरी थेंब सांडू नये.

शेठ थकले तसे त्यांचे चिरंजीव निलेशदादा हॉटेलात लक्ष घालू लागले. मुलगा वाईट नव्हता. शिकलेला होता, पुण्या-मुंबईची हॉटेलं बघून आला होता. त्यानं बिलाचं नवीन मशीन आणलं आणि त्या बिलात एक नवीन ओळ आली. सर्व्हिस चार्ज, पाच टक्के.

इथं थोडं समजावून सांगते, कारण लोक नेहमी घोटाळा करतात. बिलावर जीएसटी असतो, तो सरकारचा. पॅकिंग चार्ज असतो, तो डब्या-पिशवीचा. सर्व्हिस चार्ज या दोन्हींपैकी काही नाही. तो हॉटेलवाल्यानं आपल्या मर्जीनं लावलेला असतो आणि गिऱ्हाइकानं नको म्हटलं तर काढावा लागतो. पण नको म्हणायला तोंड उघडावं लागतं आणि मागं रांग असते.

निलेशदादांनी मला सांगून ठेवलं होतं, "कोणी विचारलं तर सांगायचं, वहिनी, स्टाफला जातो." मी सांगायची. स्टाफला जातो म्हटलं की माणसं गप्प व्हायची. काही तर खूश व्हायची. "मग ठीक आहे," म्हणायची. ते वाक्य मी दिवसातून दहा-वीस वेळा बोलत होते. असं दीड वर्ष.

मग आले देवरे सर.

देवरे सर आयटीआयमधून निवृत्त झालेले. फिटरच्या मुलांना शिकवायचे. दर रविवारी आठला यायचे, हातात स्टीलचे चार डबे आणि कापडी पिशवी. घरचा डबा आणणारी गिऱ्हाइकं आम्हाला फार आवडत नसत, कारण प्रत्येकाच्या डब्याचं माप वेगळं. पण सर आधी पत्ता विचारल्यासारखं नम्रपणे विचारायचे, त्यामुळे रागावता यायचं नाही. त्या रविवारी त्यांनी बिल हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, एक शंका आहे. भांडत नाहीये. मला खरंच समजून घ्यायचंय."

"बोला ना सर."

"डबे माझे. पिशवी माझी. उचलून नेणार मी, घरी वाढणार आमची मंडळी, भांडी घासणार मी. मग ही सर्व्हिस नेमकी कुठली?"

मागं पाच-सहा जण होते. मी माझं वाक्य काढलं. "सर, तो स्टाफला जातो."

"हां, मग हरकत नाही," सर म्हणाले. पण हलले नाहीत. "म्हणजे पॅक करणाऱ्यांना?"

"हो, सगळ्यांना."

"ते काम बघता येईल का हो? मला कुठलंही काम बघायला आवडतं."

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. रांग थोडी ओसरल्यावर मी त्यांना मागं नेलं. मला अभिमानच वाटत होता. म्हटलं, बघू दे आमची कारागिरी. सर टेबलाच्या कडेला उभे राहिले. कमलताई डाव्या हातानं पाऊचचं तोंड उघडं धरायची, उजव्या हातानं पळी. सर बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होते. मग कौतुकानं म्हणाले, "फार सुंदर काम आहे तुमचं. हे पाच टक्के तुम्हालाच मिळाले पाहिजेत."

कमलताईनं पळी थांबवली. "कसले पाच टक्के?"

"बिलातले. सर्व्हिसचे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतात हे, वहिनी?"

मी टेबलावरचे पाव मोजायला लागले. सरांना सगळं कळलं. त्यांनी डबे घेतले, बिलाचे पूर्ण पैसे ठेवले आणि गेले. चार्ज काढा म्हणालेसुद्धा नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

हॉटेल बंद झाल्यावर कमलताई हात पुसत माझ्याजवळ आली. "म्हंजे तुम्ही रोज गिऱ्हाइकाला सांगता, ते माझ्या नावावर? माझ्या नावावर मागायचं अन् मलाच ठाव नाय?"

"मला वाटलं तुम्हाला मिळत असतील."

"इचारलं का मला कधी?"

नव्हतं विचारलं. नऊ-दहा फुटांवर बसत होते, रोज तिच्याशी बोलत होते, तिच्या सुनेच्या बाळंतपणाची तारीख मला पाठ होती. आणि हे मात्र विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी निलेशदादांकडे गेले. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "वेटरना महिन्याच्या महिन्याला वाटतो की. त्यांची सही असते."

"आणि पॅकिंगवाल्यांना?"

"पार्सलला कसली सर्व्हिस, वहिनी?"

"मग पार्सलच्या बिलात का लावतो आपण?"

"मशीनमध्ये सगळ्या बिलांना एकच सेटिंग आहे."

मला हसू आलं आणि रागही आला. घेताना ती सर्व्हिस होती, वाटताना ती सर्व्हिस नव्हती, आणि मधल्या मध्ये दोष मशीनचा. मी म्हटलं, "मग मी तरी स्टाफला जातो असं सांगणार नाही. विचारलं तर म्हणेन, मला माहीत नाही, शेठना विचारा."

मी कधी उलटून बोलणारी बाई नव्हते. त्या दिवशी कसं बोलले, याचं अजून नवल वाटतं. मी म्हटल्याप्रमाणे करायला लागले आणि तीन दिवसांत गोंधळ झाला. लोक शेठकडे जायचे, शेठ निलेशदादांकडे बोट दाखवायचे, दहांतले चार जण चार्ज काढून घ्यायचे. चौथ्या दिवशी निलेशदादा म्हणाले, "वहिनी, उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा. काउंटर मी बघतो."

घरी यजमान म्हणाले, "सोडून दे." पण मुलीचं कॉलेज होतं. आणि खरं सांगायचं तर मला कुतूहलही होतं. म्हटलं, बघू तरी.

मागच्या टेबलाचं मला सगळं माहीत आहे, असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी तो गेला. पाऊचचं तोंड धरलेल्या बोटांवर वाफ येते, तर्री उडते, आणि हात काढता येत नाही, कारण हात काढला की पाऊच आडवा होतो. तासाभरात माझी दोन बोटं लाल झाली. कमलताईनं खोबरेल तेलाची बाटली पुढं सरकवली. ती बाटली तिथं कायम असायची. मला इतकी वर्षं वाटायचं, ती केसांना लावायला ठेवते.

आठवडा असा गेला. कमलताई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. रविवार आला. निलेशदादा खिडकीत, बाहेर फुटपाथपर्यंत रांग. एका बाईंनी विचारलं, "हा सर्व्हिस चार्ज कशाचा?"

सवयीनं निलेशदादा बोलून गेले, "स्टाफला जातो, मॅडम."

झरोक्यातून कमलताईचा आवाज गेला. मोठ्यानं नाही, पण खणखणीत. "कंच्या स्टाफला?"

रांगेत आधी एक जण हसला, मग सगळेच. निलेशदादांचे कान लाल झाले. त्या बाई खिडकीतून झरोक्याकडे डोकावून आम्हाला शोधायला लागल्या. मला वाटलं, आता दोघींची नोकरी गेली.

गल्ल्यावरून शेठ उठले. मोठे शेठ भटारखान्यात क्वचित यायचे, गुडघ्यांमुळे. ते टेबलाला हात टेकत मागं आले, कमलताईसमोर उभे राहिले. "कमल, तुला खरंच काही मिळत नाही त्यातलं?"

"दिवाळीला साडी मिळती की, शेठ."

ती टोमणा मारत नव्हती. तिनं खरोखरच आठवून, जे मिळत होतं ते सांगितलं. टेबलावरचा एक भरलेला पाऊच शेठनी उचलला आणि चटका बसला म्हणून लगेच ठेवला. मग गल्ल्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पार्सलच्या बिलातून ती ओळ गेली. मशीनमध्ये वेगळं सेटिंग करता येत होतं, पाच मिनिटांचं काम निघालं. मला परत खिडकीत बसवलं, आणि निलेशदादांनी स्वतः होऊन खिडकीशी एक पारदर्शक डबा ठेवला. "पॅकिंगच्या ताईंसाठी, इच्छा असल्यास." अक्षर त्यांचंच. दीड वर्षाचे मागचे पैसे मात्र कोणी काढले नाहीत. मी तो विषय काढायला हवा होता. खुर्ची परत मिळाली होती, म्हणून मी गप्प बसले. हे मला अजून खुपतं.

तो डबा म्हणजे माझी शाळाच झाली. कोण टाकतं, कोण नाही, याचे माझे सगळे अंदाज चुकले. मोठ्या गाडीतून उतरणारे टाकत नाहीत असं लोक म्हणतात, तसं काही नाही, काही टाकतात. साठ मिसळी न्यायला आलेला कंपनीचा माणूस हमखास टाकायचा, आणि ते पैसे कंपनीनं त्याला परत दिलेही नसणार. जोडप्यातलं एक टाकायला गेलं की दुसरं कोपरानं ढोसायचं. एक आजोबा डब्यावरचं वाचायचे, मला विचारायचे, "त्या आहेत ना आज आत?" आणि मगच टाकायचे. एक बाई टाकताना माझ्याकडे बघायच्या. मी बिलात डोकं घातलेलं असलं तर थांबायच्या, मी वर बघितलं की टाकायच्या. मला त्यांचं हसू यायचं, पण पैसे तितकेच खरे होते. पावसाळ्यात डबा भरायचा आणि उन्हाळ्यात रिकामा राहायचा, याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

देवरे सर मात्र मागचं टेबल बघून गेले त्या दिवसापासून आले नव्हते. तीन रविवार गेले. मी मनाशी म्हटलं, गेलं गिऱ्हाईक. चौथ्या रविवारी आले. डब्यांसोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. "मागं येऊ का?" म्हणाले.

कमलताईच्या टेबलावर त्यांनी ते उलगडलं. पत्र्याची बैठक, तिच्यावर उभी सळई, वर एक कडी आणि कडीला दोन चिमटे. पाऊच कडीत सोडायचा, तोंड चिमट्यांनी धरायचं, तो उभा राहतो. हात लावायचं काम नाही. कडी वरखाली करता येत होती, लहान-मोठ्या पाऊचसाठी. कडा कानसीनं घासून गुळगुळीत केल्या होत्या.

"आधीचे दोन फसले," सर म्हणाले. "पहिला कलंडायचा. वापरून बघा. त्रास झाला तर सांगा, बदलून देतो."

कमलताईनं एक पाऊच लावला, पळीभर रस्सा ओतला. मग दुसरा. डावा हात तिनं आपोआप पुढं नेला होता, तो तसाच हवेत राहिला. त्या हाताचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिनं तो पदराला पुसला आणि म्हणाली, "सर, याचं किती झालं?"

"अहो, मला फावला वेळ खूप असतो," सर म्हणाले आणि डबे पुढं केले. "चार मिसळ. एकात तिखट कमी."

जाताना ते त्या पारदर्शक डब्यासमोर थांबले, त्यावरचं वाचलं आणि काहीही न टाकता गेले. पुढंही कधी टाकलं नाही. का, ते विचारायचं माझ्या मनात फार होतं, पण राहून गेलं. सर दोन वर्षांपूर्वी मुलाकडे बंगळुरूला गेले.

आता ज्यासाठी हे सगळं आठवलं, ते सांगते. मागच्या महिन्यात बहिणीकडे सिन्नरला गेले होते. तिला बरं नव्हतं, स्वयंपाक नको म्हणून मी स्टँडजवळच्या एका खानावळीतून दोन थाळ्यांचं पार्सल घ्यायला गेले. आयुष्यात खिडकीच्या बाहेरच्या बाजूला मी फारशी उभी राहिलेच नव्हते. पिशवी हातात आली. मी सवयीनं आत बघितलं. वरणाच्या पाऊचची गाठ इतकी नेटकी होती की बघत राहावी.

गल्ल्यावरच्या माणसाला मी विचारलं, "हे पॅक कुणी केलं?"

त्याचा चेहराच बदलला. "का हो, काय झालं?" आणि मी काही सांगायच्या आत आत वळून ओरडला, "मीनाबाई! बाहेर या जरा!"

एक पन्नाशीची बाई लगबगीनं बाहेर आली. हात ओले होते, ते साडीला पुसत होती. तिनं मला नाही, आधी माझ्या हातातली पिशवी बघितली. "गळालं का?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "गाठ छान मारली आहे. म्हणून बोलावलं." आणि वीसची नोट पुढं केली.

ती नोट घेईना. मालकाकडे बघितलं. तो म्हणाला, "घ्या, घ्या." तेव्हा तिनं घेतली, पण चेहऱ्यावरची भीती काही गेली नाही. रस्त्यावर, चार माणसांत तिला बोलावून मी काय साधलं होतं, ते माझं मलाच समजेना. एकोणीस वर्षं ज्या टेबलाच्या इतक्या जवळ काढली, तिथून पुढं बोलावणं म्हणजे तक्रारच असते, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"मला वाटलं, गळालं," ती पुन्हा म्हणाली. मग तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली, दोन्ही गाठी बोटांनी एकदा दाबून बघितल्या, पोळ्या जरा वर सरकवल्या आणि पिशवी परत दिली.

"सरळ धरा, ताई. वरण हाय खाली."